खांद्यावरची सुई
मावशी म्हणजे माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. सासूबाईंच्या घराच्या तळमजल्यावर राहते आणि तिथेच पुढच्या खोलीत कपडे दुरुस्त करून देते. उसवलेलं अस्तर, अडकलेली झिप, घट्ट झालेली पँट. गल्लीत कुणाचं अंग सुटलं, कुणाचं उतरलं, हे घरच्यांच्या आधी तिला कळतं आणि तिच्या तोंडून एक शब्द बाहेर जात नाही. हाताशी काम असो नसो, दोरा ओवलेली एक सुई तिच्या कपड्याच्या डाव्या खांद्याला टोचलेली असते. लोक चष्मा विसरतात, ही सुई काढायला विसरते.

मशीनसमोरच्या भिंतीवर एका जुन्या कॅलेंडरचं चित्र आहे, तारखा कापून टाकलेलं. एक जुनं बंदर, पिवळ्या रंगाची जकातीची इमारत आणि तिथून थेट पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. काम करता करता मान वर केली की वर्षानुवर्षं तिला तेवढंच दिसत आलं आहे. शेवटच्या कोरड्या पायरीवर बसायचं आणि पाय पाण्यात सोडायचे, ही तिची हौस. एकदा मला सांगून टाकली आणि वर दम दिला, "हसायचं नाही हं."

सासू-सासऱ्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून माझ्या नवऱ्याने आणि नणंदेने जहाजाची सहल ठरवली. जुनी बंदरं पाहत जायचं, आणि शेवटचं बंदर नेमकं मावशीच्या चित्रातलं. ते ऐकून मावशीने दोन दिवस धड काम केलं नाही. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला बाही उलटी जोडली, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं असावं. नवऱ्याला ऐनवेळी रजा नाकारली, तेव्हा जहाजावर मी मावशीच्या खोलीत राहायला आले.

आमची खोली जहाजाच्या आतल्या बाजूची होती. भिंतीवर छान जाड पडदा. मावशीने मोठ्या उत्साहाने तो सरकवला, तर मागे नुसती भिंत. तिने पडद्याची कड उलटून पाहिली आणि म्हणाली, शिवण मात्र बरी आहे. मी हसले, पण त्या खोलीत मला पहिल्या तासापासून कोंडल्यासारखं होत होतं. दिवस की रात्र ते कळायला मार्ग नव्हता.

घात केला तो सुईने. निघताना ती खांद्यावरच राहिली होती. पहिल्याच जेवणाला शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या ड्रेसचा पट्टा तुटला, त्यांची नजर मावशीच्या खांद्यावर गेली, आणि मावशीने काही म्हणायच्या आत सासूबाई अभिमानाने बोलल्या, "आमची छकुली आहे ना! द्या, लगेच करून देईल."

झालं. जहाजावर कपडे धुऊन मिळत होते, शिवून मिळत नव्हते. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारावर टकटक सुरू. सगळे नुसतं खात होते, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. पहिल्या बंदराला मावशी उतरली नाही, दुसऱ्यालाही नाही. मी परत येऊन तिला तटबंदी, तोफा, दीपगृह असं सगळं सांगायची. ती दाताने दोरा तोडायची आणि विचारायची, दगड तापले होते का, पाण्याला वास कसला येत होता. मला इतका राग यायचा. नाही म्हणा ना सरळ, असं मी तिला रोज सांगत होते. शेवटच्या बंदराला कुणाचं ऐकणार नाही, एवढं तिने कबूल केलं.

त्या सकाळी ती माझ्याआधी तयार झाली. झटकन काढता येतील असे बूट घातले, पिशवीत छोटा टॉवेल घेतला. आम्ही उतरायच्या रांगेत उभ्या असताना सासूबाई निळा पायघोळ ड्रेस हातावर घेऊन आल्या. संध्याकाळी त्यांच्या लग्नाची पार्टी होती आणि ड्रेस छातीत बसत नव्हता. तासाभराचं तर काम, मग ये मागून, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, आई, दुसरं काहीतरी घाला की. त्या गोंधळल्या. त्यांच्या मनात खरंच काही वाकडं नव्हतं.

"तिला जमत नसेल तर ती सांगेल की," त्या म्हणाल्या. "काय गं छकुली?"

मावशीने पुढे पाहिलं. दारातून उन्हाचा एक पट्टा आत आला होता.

"दे इकडे, ताई," ती म्हणाली.

मी तिला एकटीला सोडून जाणार नव्हते. खोलीत येऊन तिने नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंची शिवण एकदम उसवली. एक बाजू सैल करून बघायची तिची रीतच नाही. ड्रेस उघडा पडला आणि मग तिच्या लक्षात आलं की हा ड्रेस शिवताना कापड कमी होतं, म्हणून तिने स्वतःच शिवणीच्या आत जादा कापड राखून ठेवलं नव्हतं. आता दोन्हीकडे पट्टी जोडावी लागणार, तीही मशीनशिवाय, हाताने. पडद्यामागच्या भिंतीसमोर बसून ती टाके घालत राहिली. मी एकामागून एक सुया ओवून देत होते आणि मनातल्या मनात सगळ्या घराला शिव्या घालत होते.

काम संपलं तेव्हा आम्ही अक्षरशः धावलो. दारावरच्या माणसाने नम्रपणे हात आडवा केला. आता फक्त आत यायचं, बाहेर जायचं नाही. वर डेकवर गेलो, तर जहाज नव्या धक्क्याला लागलेलं. मालाचे डबे आणि क्रेन, बस. जुनं बंदर टेकडीच्या पलीकडे होतं. मावशी कठड्याला धरून उभी राहिली. पिशवीतला टॉवेल तिने नाकाला लावला आणि पुन्हा घडी घालून ठेवला.

संध्याकाळी सासूबाई आमच्या खोलीत ड्रेस घालायला आल्या. अगदी मापात बसला. त्यांनी मावशीला जवळ घेतलं आणि एक पुडकं तिच्या हातात दिलं. सगळी दुकानं पालथी घातली तुझ्यासाठी, असं म्हणाल्या. आत एक फ्रेम होती. पिवळी इमारत आणि पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या.

"हे आहे माझ्याकडे, ताई," मावशी म्हणाली.

"ते जुनं झालं गं. हे मशीनसमोर लाव," असं म्हणून सासूबाई पाठमोऱ्या झाल्या. "आणि मागचा हूक जरा ढिला लागतोय, बघ."

मावशीने फ्रेम पलंगावर ठेवली. तिचा हात खांद्याकडे गेला. दोरा मी दुपारीच ओवून ठेवला होता.