घंटीवालं बोट

सूनबाई घरी बसून कम्प्युटरवर काम करती. टेबलावर माऊस सरकवती अन् पडद्यावर बाण पळतो. परवा मला म्हणाली, "मामा, आता बिनाटेबलाचा पण मिळतो. हातात धरायचा अन् हवेत हलवायचा." मी म्हणालो, मला काय सांगतीस, तुझ्या सासूकडं होता तसला. मी स्वतः बनवला होता अन् त्याला घंटी पण होती. ती गालात हसली. बायको जाऊन वर्ष होत आलं. तेव्हापासून मी काही बोललो की घरातली माणसं अशीच हसतात, लेकराला हसावं तशी. म्हणून बसून लिहितो. चौथी शिकलेला माणूस आहे मी, जसं आठवतं तसं लिहीन.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. हिंगोली जिल्हा तवा झाला नव्हता, आमी परभणीत मोडायचो. शिरड शहापूरला रस्त्याच्या कडंला माझं सायकलीचं दुकान. दुकान म्हंजे लिंबाखाली एक पेटी, एक पंप अन् पाण्याचं घमेलं. मागं घर. बायको शेळ्या राखायची. तिचा आवाज असा, की ती माळावरून शिव्या द्यायची अन् मी पंक्चर काढता काढता कोणती शेळी कुणाच्या हरभऱ्यात शिरली ते ओळखायचो. तोच आवाज माझ्यावर पण चालायचा. गिऱ्हाईक हवा भरायला यायचं अन् माझी हवा गेलेली बघून जायचं.

एका पावसाळ्यात तो आवाज बसला. आधी घोगरा झाला, मग फाटला, मग बोलता बोलता मधीच गायब व्हायला लागला. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, औंढ्याच्या देवळात जाऊन नारळ फोडून झाला. शेवटी एस्टीनं नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरनं कपाळाला गोल आरसा बांधला, दिव्याचा उजेड त्यावर घेतला अन् बराबर तिच्या घशात पाडला. म्हणाला, ओरडून ओरडून आत गाठी झाल्यात, हाताला घट्टे पडतात तशा. दिवाळी झाली की दाखवायला या. तोवर एक शब्द बोलायचा न्हाई, कुजबुज पण न्हाई. गाठी बसल्या तर बसल्या, न्हाई तर कापाव्या लागतील. अन् कापल्यावर आवाज राहील का, हे त्याला सांगता येत नव्हतं.

परत येताना ती सगळ्या रस्त्यानं खिडकीबाहेर बघत बसली. मी मनात म्हणालो, चला, दिवाळीपर्यंत तरी घर शांत. शांत घराची तकलीफ काय असती ते मला लगेच कळलं. हाक मारायची म्हणून ती खडा मारायची. खडा पाठीत बसतो, पण मीठ संपलं का शेळी सुटली ते खडा सांगत न्हाई. तिनं बोट दाखवलं की मी भलतीकडंच बघायचो. पाटी आणली, तर तिला लिहिता येत नव्हतं, अन् मला तरी कुठं धड वाचता येत होतं. एकदा ती चुलीकडं दाखवून राहिली अन् मी काडेपेटी, सरपण, फुंकणी असं एकेक पुढं करून राहिलो. दूध उतू गेलं. तिचे ओठ उघडले. मी धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला, ती माझ्या हाताला चावली. पण बोलली न्हाई.

त्या चावलेल्या हातानंच मी कामाला लागलो. डॉक्टरच्या कपाळावरचा आरसा माझ्या डोक्यात बसला होता. उजेड जर एवढ्याशा घशात बराबर जागी पाडता येतो, तर मिठाच्या बरणीवर काहून पडणार न्हाई?

आधी दाढीचा फुटका आरसा घेतला. त्यावर ट्यूबचं रबर सोल्यूशननं चिटकवलं अन् मधी चार आण्याच्या नाण्याएवढं भोक ठेवलं. उन्हात धरला की बारीक कवडसा पडायचा, पार समोरच्या भिंतीपर्यंत. बाहेरचं काम झालं, पण घरात ऊन कुठून आणावं? मग जुनी दोन सेलची बॅटरी काढली. तिच्या काचेवर पत्र्याचं झाकण बसवलं अन् त्यात छिन्नीनं बाण कापला. म्हणलं, भिंतीवर बाण उमटंल. उमटला तो तुडवलेला टमाटा. तिनं बघितलं अन् पोट धरून हसायला लागली, बिनआवाजाची. ते हसणं बघून मला बरं पण वाटलं अन् कसंतरी पण झालं. मग बाण सोडून दिला. मोडक्या पंपाची नळी कापली अन् बॅटरीच्या तोंडावर बसवली. त्या नळीतून निघाला तो गोल, लिंबाएवढा, गुणाचा ठिपका. आरसा बॅटरीच्या बुडाला चिटकवला. म्हंजे घरात तोंड वापरायचं, बाहेर बूड.

पण ठिपका पडला तरी मला कळावं कसं? माझी नजर तर चाकात. म्हणून बाजूला सायकलची घंटी कसली, बराबर तिच्या अंगठ्याखाली येईल अशी. एकदा वाजली म्हंजे इकडं बघा. दोनदा वाजली म्हंजे ते न्हाई, दुसरं. तिसऱ्या घंटीचा अर्थ आमी ठरवला नव्हता. तो तिनं तिच्या मनानं ठरवला अन् तो मी इथं लिहिणार न्हाई.

जी वस्तू समोर नसती तिच्यासाठी मी भिंतीवर गेरूनं चित्रं काढली. तिचं माहेर, डॉक्टर, शेळी, अन् दोन चाकं काढली ती मी. शेळी खुर्चीसारखी झाली. तिनं शेळीवर ठिपका धरला अन् दोनदा घंटी वाजवली. मी पुसून पुन्हा काढली, पुन्हा दोनदा. शेवटी तिनं स्वतःच काढली, चांगली दाढीवाली. अन् जाता जाता माझ्या दोन चाकांना पण शेळीची दाढी काढून गेली.

गावानं त्याला नाव ठेवलं घंटीवालं बोट. बाजारात ती वांग्यांच्या ढिगावर कवडसा फिरवायची अन् बराबर किडक्या वांग्यावर थांबवून घंटी वाजवायची. तिला बघितलं की भाजीवाला आधीच चांगली वांगी वर काढायचा.

खरी परीक्षा दिवाळीच्या तोंडावर झाली. शेजारीण अंगणात येऊन उभी राहिली. तिनं लुगड्यावर भुईमुगाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. शेंगा गेल्या, लुगड्याचा पदर पण चावून नेला, अन् हे काम म्हणं आमच्या शेळीचं. दोघींचं जुनं होतं. एरवी शेजारणीचं एक वाक्य पुरं व्हायच्या आत आमच्याकडून चार गेली असती. आज समोरून जबाब न्हाई म्हणल्यावर तिला चेव आला. शेळीवरून बायकोच्या माहेरावर गेली, माहेरावरून आईवर.

मी दुकानातून बघून राहिलो होतो. बायकोच्या गळ्याची शीर ताठली. तोंड उघडलं. एवढ्या दिवसांचं मौन आता एका शिवीत जाणार, अन् तिच्या मागं आवाज पण जाणार. मी हातातलं चाक टाकून पळालो. पण तिनं तोंड मिटलं अन् कमरेचं बोट काढलं.

कवडसा आधी शेजारणीच्या नाकावर बसला. ती डोळे मिचकावत बोलतच होती. मग खांद्यावरून सरकला, रस्ता ओलांडून गेला, तिच्याच घराच्या छपराखाली सावलीत शिरला अन् थांबला. तिथं शेजारणीचं वासरू उभं होतं. रवंथ करून राहिलं होतं, अन् तोंडातून हिरव्या लुगड्याचा पदर लोंबत होता.

ट्रिंग.

सगळी गल्ली हसली. शेजारीण वासराकडं बघत राहिली, मग पदर खोचून निघाली. जाता जाता म्हणाली, "माय, हिला बोलता येत होतं तेच बरं होतं."

दिवाळी झाल्यावर आमी नांदेडला निघालो. त्या दिवशी तिनं सकाळपासून घंटी वाजवून वाजवून जीव खाल्ला. एस्टीच्या थांब्यावर कवडसा माझ्या पायावर. दवाखान्याच्या आवारात पुन्हा पायावर. मला वाटलं, भ्यायली आहे, काही तरी चाळा पाहिजे. मी पण भ्यालो होतो. मनात एकच चाललं होतं, कापावं लागलं तर हिला काय सांगू.

डॉक्टरनं पुन्हा कपाळाला आरसा बांधला. बराच वेळ बघितलं. मग आरसा वर सरकवला अन् म्हणाला, गाठी बसल्यात. बोला.

ती बोलेना. ओठ उघडले अन् मिटले. हातातलं बोट घट्ट धरलं होतं, अंगठा घंटीवर. मला कळलं, आता तोंड उघडलं अन् आतून काहीच आलं न्हाई तर, याचं भेव आहे तिला. डॉक्टर थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या पायाकडं.

"आवं," ती म्हणाली, "दोन पायांत दोन जोडांच्या चपला घालून आलात तुमी. सकाळपसून दाखवून राहिले मी."

मी खाली बघितलं. एक चामड्याची होती, एक रबराची. वर बघता येईना, डोळे भरले होते. आवाज थोडा खरखरीत होता, पण तिचाच होता. डॉक्टर म्हणाला, आता बोला, पण ओरडायचं न्हाई, कधीच न्हाई.

म्हणून बोट राहिलं. पुढं सगळा जन्म ती बोलायची हळू अन् मला बोलवायची घंटीनं. माळावरून, न्हाणीतून, शेवटी शेवटी खाटेवरून. सेल मिळाले न्हाईत तर नुसती घंटी.

ती वस्तू मी परवा पेटीतून काढली, सूनबाईला पटावं म्हणून. आरसा काळा पडलाय, नळी गंजलीय. तिनं उलटसुलट करून बघितली अन् सहज अंगठ्यानं एकदा घंटी वाजवली. मी खाटेवरून उठलो होतो, अन् खाटेखालच्या अंधारात पायानं चपला चाचपत होतो, दोन्ही एकाच जोडाच्या आहेत का बघत.