पुलाच्या अलीकडे

आप्पा रोज सकाळी पुलाच्या मधोमध थांबत आणि हातातल्या काठीने आधी अलीकडचा रस्ता ठोकून बघत, मग पलीकडचा. आप्पा म्हणजे माझे सासरे. सांगलीच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. २०२० साली ते आमच्याकडे, आयर्लंडच्या मोनॅहन परगण्यात आले आणि विमानं बंद झाल्याने अडकले. आमच्या घरामागचा ओढा हीच दोन देशांची हद्द. अलीकडे आयर्लंड, पलीकडे ब्रिटनच्या ताब्यातलं उत्तर आयर्लंड. ना फाटक, ना पहारा, ना पाटी.

"एवढंसं बेट, त्यात दोन देश, आणि मधे साधं कुंपण न्हाई?" हे त्यांना पटतच नसे. "जावईबापू, रेघ दिसते तोवर माणूस सांभाळून असतो. न दिसणारी रेघच घात करते बघा."

मी हसण्यावारी नेत असे. खरं तर हसण्याचं ते वर्षच नव्हतं. रस्ते ओस पडले होते आणि गावातल्या चर्चची घंटा वाजली की आज कोण गेलं, असंच मनात येई.

एकदा जेवताना आप्पा कौतुकाने सांगू लागले, की पलीकडे रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी होते आणि पाट्यांवर किलोमीटरचे मैल होतात. म्हणजे स्वारी पलीकडे जाऊन आली होती! अंजलीचा, माझ्या बायकोचा, घास हातातच राहिला. ती इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, आणि तिचा नागरिकत्वाचा अर्ज निकालाची वाट बघत पडलेला.

"आप्पा, तिकडे जायला आपल्याला वेगळा व्हिसा लागतो. तुम्ही सापडलात तर माझ्या अर्जाचं काय होईल?"

"चुकलं बाई," आप्पा म्हणाले.

पण जित्याची खोड! पलीकडच्या शॉन नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याशी त्यांची गट्टी जमली होती. त्याच्या गाई बघितल्याशिवाय त्यांना करमत नसे. पुढच्या हिवाळ्यात ते चालताना छाती चोळू लागले. अंजलीने तपासायचं म्हटलं की, "थंडी बाधलीय गं. आधी तुझे पेशंट बघ," म्हणत. मला त्यांचा राग येई आणि धास्तीही वाटे.

जानेवारीतल्या एका धुकट सकाळी ते परतले नाहीत. आम्ही दोघं धावलो. पुलाच्या आमच्या बाजूला, कठड्याला टेकून ते बसले होते. अंजलीने नाडी बघितली, छाती दाबत राहिली, मग थांबली.

शॉन पुलावर उभा राहून रडत होता. "माझ्या फाटकाशी त्यांनी छाती धरली. म्हटलं, बसा, अँब्युलन्स बोलावतो. तर म्हणाले, 'नॉट हिअर. माय डॉटर.' मी फोन करायला आत गेलो, बाहेर येतो तर ते पूल ओलांडत होते."

अंजलीने त्यांचा गार पडलेला हात दोन्ही हातांत घेतला.

"आप्पा," ती म्हणाली, "कुणी काही विचारलं नसतं हो."