माजघरातलं इंग्रजी

आखाडा बाळापुरात माझी इंग्रजीची शिकवणी आहे. शाळेतून आलो की पुढच्या खोलीत सतरंजी अंथरतो, फळ्यावर तारीख टाकतो आणि सुरू करतो. दहावीची पंचवीस-तीस पोरं-पोरी दाटीवाटीने बसतात. फळ्यामागच्या भिंतीपलीकडे माजघर आहे, आणि मधल्या दाराला कवाड नाही, नुसता पडदा.

शिकवतो काय, तर जोड्या. इंग्रजीत दोन नामांच्या मधे एक बारकंसं अव्यय बसतं आणि कुठल्या नामाला कुठलं लागेल ते त्याचं तेच जाणे. रिझनला फॉर, कॉजला ऑफ. दोघांचा अर्थ कारणच. डिमांडला फॉर, लॅकला ऑफ, इन्क्रीजला इन, सोल्यूशनला टू. एखादी पोरगी विचारायची, "काहून, सर?" मी चिडायचो, कारण मलाही ठाऊक नव्हतं. "काहून-बिहून काही नाही, पाठ कर," असं म्हणून पुढे जायचो.

पाठ करण्याची माझी एक पद्धत होती. मी मराठी म्हणायचं, पोरांनी एका सुरात इंग्रजी म्हणायचं. पावसाची कमतरता. लॅक ऑफ रेन! सुटीचं कारण. रिझन फॉर लीव्ह! पोटातलं दुखणं. पेन इन द स्टमक! तापावरचा इलाज. क्युअर फॉर फीवर! बरं होण्याची आशा. होप ऑफ रिकव्हरी! काही आठवड्यांचा प्रश्न. अ मॅटर ऑफ वीक्स! मृत्यूचं कारण. कॉज ऑफ डेथ! एकशे वीस जोड्यांची यादी, रोज थोडी आणि दर मंगळवारी पहिल्यापासून शेवटपर्यंत, सोळा वर्षं. गल्लीतले लोक म्हणत, सरच्या घरी रोज आरती असते.

पडद्यामागे माझी आई असायची. तूर निवडायची, लसूण सोलायची. शाळेत ती दोनच इयत्ता गेली होती. एकदा एक पोरगं रिझनपाशी अडलं, तोंडातून पुढचं निघेना, आणि पडद्यामागून आईचा आवाज आला, "फॉर म्हण की, लेकरा." वर्ग खो खो हसला. मीही हसलो. घरी येईल त्या माणसाला मी ते कौतुकाने सांगायचो, आमच्या आईलाही ऐकून ऐकून इंग्रजी येऊन राहिलं म्हणून. तिला नुसता आवाज येतो, अर्थ येत नाही, हे मी न तपासताच धरून चाललो होतो. अर्थ तर मी स्वतःच रोज आधी मोठ्याने सांगत होतो. ही साधी गोष्ट मला, इंग्रजीच्या मास्तरला, कळली नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिचे डोळे पिवळे दिसायला लागले. कावीळ समजून आम्ही दोन हप्ते झाडपाल्याचं औषध दिलं. अन्न उतरेना तेव्हा नांदेडला मोठ्या दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आत बोलावलं. आई समोरच्या स्टुलावर बसली, मी तिच्या मागे उभा.

डॉक्टरांनी कागद पाहिले, आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून विचारलं, "तुम्ही काय करता?" मी म्हटलं, इंग्रजीचा शिक्षक. त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. आपल्याकडे असंच चालतं. रोग्यासमोर वाईट सांगायचं तर इंग्रजीत सांगायचं, म्हणजे बाहेर काढायला नको. ते म्हणाले, "कॅन्सर ऑफ द पॅन्क्रियाज. नो होप ऑफ रिकव्हरी. अ मॅटर ऑफ वीक्स."

मी विचारलं, "इज देअर नो क्युअर फॉर इट?" आणि लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणीही माझ्या मनात येऊन गेलं की क्युअरला फॉर बरोबर लावलं. डॉक्टरांनी नाही अशी मान हलवली. आई स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसली होती. तिने एकदा डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहिलं, मग समोर टेबलावरच्या पेल्याकडे.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "काय म्हणला?"

"सूज आहे आतड्याला. गोळ्या दिल्यात. महिनाभर लागेल."

"बरं," ती म्हणाली. एवढंच. मला वाटलं, सुटलो.

एसटीने परत येताना रस्त्यात डोंगरकडा हे गाव लागतं. तिथे माझी मावशी राहते, आईची धाकटी बहीण. सहा वर्षांपूर्वी मावशीच्या लेकीच्या लग्नात मानाची साडी आधी विहिणीला दिली आणि आईला नंतर, चारचौघींत हाक मारून. तेवढ्यावरून दोघी बोलायच्या बंद झाल्या होत्या. दिवाळीला नाही, संक्रांतीला नाही. आईपुढे मावशीचं नाव काढायची सोय नव्हती. त्या दिवशी गाडी थांब्यावर थांबली आणि आईने माझा हात धरला.

"इथं उतरू. तिला भेटून जाऊ."

मी हादरलो. मला वाटलं, मावशी हिचा चेहरा पाहून रडायला लागेल, मग हिला संशय येईल. म्हणालो, "आता नको माय, दमलीस. बरी झालीस की निवांत येऊ, चार दिवस राहा."

"बरी झाल्यावर," ती म्हणाली.

"हां."

कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली तशी तिने हात सोडला आणि तोंड खिडकीकडे केलं.

त्यानंतर तिने आणखी दोनदा विचारलं. एकदा बायकोकडून केस विंचरून घेताना, एकदा मी शिकवणीला बसायच्या आधी. दोन्ही वेळा मी तेच म्हणालो. दुसऱ्यांदा तर जरा वैतागूनच म्हणालो, की मावशी कुठे पळून चालली, अर्ध्या तासाचा तर रस्ता. मला माझ्या शहाणपणाचं फार कौतुक वाटत होतं तेव्हा. सगळं दुःख आपण एकट्याने गिळून आईला सुखात ठेवलंय, असा तोरा होता मनात.

मधेच एका दुपारी मावशीचा फोन आला. सहा वर्षांत पहिल्यांदा. इकडचं तिकडचं न बोलता तिने एकदम विचारलं, "अक्काला काय झालं रे? खरं सांग."

मला वाटलं, गल्लीतून कुणीतरी कळवलं असणार. खरं सांगितलं तर ती तासाभरात दारात. मी हसून म्हणालो, "काही नाही मावशी, आतड्याला सूज आहे. गोळ्या चालू आहेत. सुधारून राहिली. पुढच्या महिन्यात आम्हीच येतो तुझ्याकडं."

"बराबर सांगून राहिला ना?"

"मी कशाला खोटं सांगू?"

"मग ठीक," असं म्हणून तिने फोन ठेवला. आवाज थोडा कडक झाला होता. मी त्याचाही विचार केला नाही.

शिकवणी मी बंद केली नव्हती. आईनेच करू दिली नाही, म्हणाली, पोरांची तकलीफ कशाला. फक्त तूर निवडायच्या जागी तिची खाट आली. पुढच्या मंगळवारीही मी यादी घेतली. बरं होण्याची आशा, मी म्हणालो. पोरं ओरडली. पडद्यामागे ती पडलेली होती. मला काही वाटलंसुद्धा नाही, कारण ते माझ्यासाठी फळ्यावरचं इंग्रजी होतं आणि तिच्यासाठी, मी समजत होतो, नुसता गोंगाट.

नांदेडहून आल्यावर पाचव्या आठवड्यात, सकाळी नऊच्या सुमाराला ती गेली. मी जवळ होतो. शेवटचे दोन दिवस ती दाराकडे बघायची. कुणी आलं की मान उचलायची, मग परत खाली टेकवायची. मृत्यूच्या दाखल्यावर कॉज ऑफ डेथ अशी ओळ होती. त्यापुढचं न वाचताच मी खाली सही केली.

मावशी मातीला पोहोचली, पण तोंड बघायला मिळालं नाही, उचललेलं होतं. त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. दहाव्याला आली तेव्हा सगळे उठून गेल्यावर पुढच्या खोलीत सतरंजीवर बसून राहिली. फळ्यावर माझी यादी तशीच होती. मी पाणी आणून ठेवलं. तिने घेतलं नाही.

"तिनं मला फोन केला होता," मावशी म्हणाली. "आपल्या बटनाच्या मोबाइलवरून. सहा सालानं. म्हणली, डाक्टरनं पोराला इंग्रजीत सांगितलं, माझी बरं व्हायची आशा न्हाई, हप्त्यांचाच सवाल हाय. म्या म्हणलं, तुला काय कळतं इंग्रजी? तर म्हणली, माझ्या घरात पोरं रोज तेच म्हणतात, मला न्हाई कळणार तर कुणाला?"

मी फळ्याकडे पाहू शकलो नाही.

"म्हणली, पोराला सांगू नको मला समजलं म्हणून, त्याला वाटून राहिलं त्यानं लपवलं, वाटू दे. तू फकस्त ये. साडीचं सोड, म्हणली. मी सोडलं, तू बी सोड." मावशीचा आवाज फाटला. "मी निघालेच होते. पिशवी भरली होती. पण मन खातं ना. सहा साल बोलली न्हाई, आता मरणाचं नाव करून मला वाकवून राहिली का, असं वाटलं. म्हणून तुला इचारलं. म्हणलं, त्यो मास्तर हाय, इंग्रजी त्याला कळतं. तू म्हणला सूज हाय. मंग म्या पिशवी रिकामी केली."

ती माझ्याकडे बघत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"माझ्या भैनीचं म्या खरं मानलं न्हाई," ती म्हणाली. "तुझं मानलं."

त्यानंतर मावशी आमच्याकडे आलेली नाही. मीही डोंगरकड्याला उतरलेलो नाही. नांदेडला जाताना तो थांबा आला की मी मोबाइल काढून बघत बसतो.

शिकवणी चालू आहे. मंगळवारी यादी होते. पुसून टाकावी असं फार वाटलं, पण परीक्षेला त्याच जोड्या येतात. मी मराठी म्हणतो, पोरं इंग्रजी म्हणतात. बरं होण्याची आशा आली की मी ते म्हणत नाही, सरळ पुढचं घेतो. पण पोरांच्या वहीत ते लिहिलेलं असतं. त्यांना वाटतं, सर विसरले. मग ती आपणहूनच म्हणतात, एका सुरात, पडद्यापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.