बारीक चाकाची सायकल

वडलांना आम्ही दादा म्हणायचो. माझ्यासाठी सायकल घ्यायला ते लोह्याहून लातूरला आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत चार भाकरी, ठेचा आणि एक नवंकोरं दावं होतं. अंबाडीचं, घरी वळलेलं.

"सायकल काय गोठ्यात बांधायचीय?" मी हसत विचारलं.

"जनावर आणताना दावं आपलं न्यावं लागतंय," दादा म्हणाले. "इकणाऱ्याचं घेऊ न्हाई."

दादा मैलकुली होते. सडकेच्या एका तुकड्यावरचे खड्डे बुजवण्यात त्यांची उमर गेली. गावात कुणाला बैल घ्यायचा असला, की पारखायला त्यांनाच बाजारात नेत. सायकल मात्र आमच्या घरात कधीच नव्हती. मला चालवता यायची, कारण शाळेत असताना मैत्रिणीच्या सायकलवर गुडघे फोडून घेतले होते.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आमच्या कचेरीच्या पाटीला हात लावला तर रंग लागायचा. पावसानं लागोपाठ दगा दिलेला. विहिरींचं पाणी किती खोल गेलं ते टेपनं मोजून आणायचं, हे माझं काम. कुठल्या गावाला टँकर जाणार हे त्या आकड्यांवर ठरायचं. साहेबांनी पहिल्याच दिवशी मला सुनावलं, "ही फिरतीची जागा आहे. बाईमाणसाला जमेल असं मला वाटत नाही. स्वतःची सायकल घ्या. महिनाअखेरीस पहिली फिरती. नऊ विहिरी, आणि आकडे त्याच दिवशी पाचच्या आत या टेबलावर. नाही जमलं, तर तसं वर कळवीन."

वर कळवलं की मी घरी, आणि घरी म्हणजे थेट बोहल्यावर. मामानं अहमदपूरचं स्थळ ठरवूनच ठेवलं होतं. "एकदा पोरीला नोकरी करून बघू द्या," म्हणत दादांनी एकट्यानं सगळ्यांशी वाकडेपणा घेतला होता. मी हरले असते तर माझ्याबरोबर त्यांचंही नाक कापलं गेलं असतं.

सायकलचं दुकान गंजगोलाईच्या बाजूला होतं. दुकानदार अप्पा, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, बोलायला गोड. दादांनी दुकानातली एकेक सायकल बैलासारखी पारखली. टायरला अंगठा दाबून बघितला, मागचं चाक उचलून फिरवलं, त्याला कान लावला. मग कॅरियरवर स्वतः बसले आणि अप्पांना म्हणाले, "ढकला बरं." अप्पांनी मुकाट्यानं ढकललं. शेवटी दादा एका काळ्या, दोन दांड्यांच्या, जाड टायरच्या धुडापाशी थांबले. दूधवाले वापरतात तसली.

माझा जीव दुसऱ्याच सायकलवर जडला होता. हिरवी, बिनदांड्याची, हलकी. मागच्या चाकाला पदर अडकू नये म्हणून जाळी. टायर बारीक, पण कचेरीला जायला-यायला फुलासारखी. बायकांसाठी अख्ख्या दुकानात तेवढी एकच होती.

"कचेरीला ही बरी हाय," दादा म्हणाले. "पर फिरतीला न्हाई. उन्हाळ्यात काळं रान तोंड वासून बसतंय. बारीक चाक गिळंल ते."

"चिखल असता तर गोष्ट वेगळी," मी म्हटलं. "पाऊसच नाही, कुठलं रान आणि काय गिळतंय? आणि साडी नेसून त्या दांड्यावरून पाय टाकू का मी, भर रस्त्यात?"

"तुझी माय कासोटा घालूनच कामाला जाती."

हे मला झोंबलं. आईच्या लुगड्यातून, त्या कासोट्यातून, त्या उघड्या पोटऱ्यांतूनच तर मी शिकून बाहेर पडले होते. माझी जीभ मुळात तिखट, त्यात नव्या पगाराचा तोरा. मी म्हणाले, "दादा, तुम्ही जन्मभर सडकेचे खड्डे बुजवले. त्या सडकेवरून सायकल चालवली का कधी?"

अप्पांनी मान खाली घातली. दादा "तुझं तुला कळतंय" म्हणाले आणि पिशवी उचलून एसटी स्टँडकडे चालू लागले. मी हिरवी सायकल घेतली. वाटेत दोनदा वाटलं, स्टँडवर जावं. गेले नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

कचेरीचा रस्ता डांबरी. दहा मिनिटांत पोचायचे. बघणारे बघायचे, मी आणखी ताठ बसायचे. दादांना काय कळतंय, असं मनाला रोज समजावत होते. मनाला रोज समजवावं लागत होतं, यातच काय ते आलं.

फिरतीच्या दिवशी उजाडताच निघाले. बारा वाजेपर्यंत दोन गावांतल्या सहा विहिरी झाल्या. तिसरं गाव सडकेनं लांब पडत होतं, रानातून जवळ. समोर नांगरट नाही, पीक नाही, नुसतं सपाट काळं रान. मी सायकल रानात घातली आणि जोरात पायडल मारलं.

भेग दिसली तेव्हा उशीर झाला होता. हातभर खोल, दोन बोटं रुंद. पुढचं चाक त्यात अलगद गेलं आणि मी हँडलवरून पुढे पडले. कोपर सोललं. उठून सायकल ओढली तर चाक भजीसारखं वाकडंतिकडं झालेलं, पुढे सरकेना की मागे.

साडेबारा. तीन विहिरी बाकी, लातूर अकरा किलोमीटर. झाडाखाली बसून तीन आकडे अंदाजानं लिहिले असते तर कुणाला कळलं असतं? उंटावरून शेळ्या हाकणारे कचेरीत होतेच. वही उघडलीसुद्धा. पण सहाव्या विहिरीच्या तळाला उतरून वाटीनं घागर भरणारी बाई मी तासाभरापूर्वीच पाहिली होती. वही मिटली, सायकल खांद्यावर घेतली आणि चालू लागले.

गावाच्या कडेला एक बाई भेटली. माझ्या आईच्या वयाची, लुगड्याचा कासोटा घट्ट मारलेला. दोन्ही बाजूंना आकडे लावून घागरी अडकवलेली सायकल ती हातानं ढकलत नेत होती. काळी. दोन दांड्यांची.

मी सगळं सांगितलं. विहिरी, पाच वाजता, साहेब. ती माझ्या वाकड्या चाकाकडे बघून म्हणाली, "या रानात असली बाहुली कशाला आणली गं माय?"

मग तिनं घागरी उतरवल्या. "ही घेऊन जा. पर दिवस बुडायच्या आत आण. रातच्याला पानी भरायचं हाय, घरात थेंब न्हाई."

मी दांड्याकडे बघत उभी राहिले. तिला कळलं. तिनं मला कडब्याच्या गंजीमागे ओढलं, माझ्या सहावारीच्या निऱ्या उपसल्या आणि आखूड का होईना, कासोटा मारून दिला. "आता टाक पाय. लाजून राहिली तर साहेब थांबतोय का?"

मी पाय टाकला. ते धूड जड होतं, पण रानातून रणगाड्यासारखं चाललं. भेगांवरून चाक नुसतं धडधडत पार व्हायचं. शेवटच्या विहिरीला टेप संपली तरी पाणी लागेना. खडा टाकला. खाली कोरडा टण्ण आवाज आला. 'कोरडी' असं लिहिलं तेव्हा पावणेचार झाले होते.

लातूरच्या वेशीत शिरले तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती. उघड्या पोटऱ्या, अंगभर धूळ, कोपरावर रक्त. कासोटा सोडायला थांबले असते तर वेळ गेली असती. तशीच कचेरीत गेले. बाबूलोक माना वर करून बघायला लागले. साहेबांनी घड्याळ बघितलं, मग वही बघितली.

"नववी कोरडी? टेप सोडली होती का?"

"सोडली. मग खडा टाकला, सर. कोरडा आवाज आला."

त्यांनी सही केली. "पुढच्या आठवड्यात किल्लारी बाजू तुमच्याकडे."

आनंद करायला वेळ नव्हता. सूर्य कलला होता आणि अकरा किलोमीटरवर एक बाई घागरी मांडून बसली होती. मी तशीच उलटी फिरले. पोचले तेव्हा दिवस बुडत होता आणि ती वाटेवर येऊन उभी होती. माझी मोडकी हिरवी सायकल एसटीच्या टपावर टाकून मी परतले.

दुसऱ्या दिवशी ती घेऊन अप्पांच्या दुकानात गेले. कोपऱ्यात तीच काळी सायकल उभी होती. दांड्याला अंबाडीचं दावं बांधलेलं. गाठ मी लांबूनच ओळखली.

"दावं बांधलेलं जनावर दुसऱ्याला दाखवत न्हाईत, ताई," अप्पा म्हणाले. "त्या दिवशी तुमचे वडील अर्ध्या वाटेतून माघारी आले. बांधून गेले."

"काही म्हणाले?"

"म्हनले, पोरगी काळी न्यायला आली तर देऊन टाका, काई बोलू नका. आन् हिरवी चांगली चालली, तर दावं गुपचूप मला लोह्याला धाडा. बाप चुकला म्हणून पोरीला वंगाळ वाटू न्हाई."

मला तिथंच रडू फुटलं. अप्पांनी गाठ सोडायला हात पुढे केला. "राहू द्या," मी म्हटलं. तिथंच, भर बाजारात, मी कासोटा मारला आणि दांड्यावरून पाय टाकला.