बांधावर काढलेल्या चपला

मी शाळेत विज्ञान शिकवायचे आणि घरी झेंडू तोडायचे. या दोन्हींचं भांडण लागलं ते नव्वदच्या दशकात, नाशिकजवळ मखमलाबादला, सासरच्या मळ्यात. आजही तो विषय निघाला की माझं डोकं तापतं.

फळ्यावर मी दरवर्षी तेच चित्र काढायचे. मातीतलं अन्न झाडात, झाडाचं पान जमिनीवर, पान कुजवायला जिवाणू आणि गांडुळं, आणि परत माती. बाणाला बाण जोडून गोल पूर्ण करायचा. मुलं ते मुकाट वहीत उतरवायची, परीक्षेत गुण मिळवायची आणि विसरून जायची. त्यांना तरी काय बोलणार? माझ्या घरात तरी तो गोल कुठे पूर्ण होत होता?

रोज पहाटे आम्ही झेंडू, शेवंती, बिजली तोडून बोचक्यांत बांधायचो आणि दीर ती टेम्पोत घालून फुलबाजारात न्यायचा. मळ्यातून रोज माल बाहेर जायचा, आणि परत काय यायचं? रिकामी बोचकी! पूर्वी दारात बैल होते, गाई होत्या, मोठा उकिरडा होता. मग ट्रॅक्टर आला, बैल गेले, गाई गेल्या आणि उकिरड्याच्या जागेवर टेम्पो उभा राहिला. खत म्हणजे दुकानातली गोणी. फुलं यायची, नाही असं नाही, पण माती दर साली कडक होत चालली होती. विहिरीजवळच्या पट्ट्याची तर पार वाट लागली होती. पाणी दिलं की वरच साचायचं, खुरपं मारलं की दगडावर मारल्यासारखं हाताला झणझणायचं. गांडूळ तर औषधालाही नाही.

आजूबाजूच्या मळ्यांत तेव्हा पांढरे दगड रोवून प्लॉट पडायला लागले होते. आमच्याकडे दोघे भाऊ, म्हणजे माझा नवरा आणि धाकटा दीर, जेवताना एकच टुमणं लावायचे. "हा पट्टा मेला. ठेवून काय करायचाय? विकून टाकू." आबा, माझे सासरे, ताटाकडे बघत बसायचे. त्या पट्ट्यातली विहीर त्यांनी ऐन तरुणपणी स्वतःच्या हातांनी खणलेली. ते एवढंच म्हणायचे, "मेला नाय, उपाशी हाय." पण खायला काय घालायचं, हे त्यांनाही सुचत नव्हतं.

मला सुचलं. आमची फुलं जायची कुठे? देवळात, घरोघरच्या देव्हाऱ्यात. दुसऱ्या दिवशी त्यांचं निर्माल्य व्हायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत जायचं, पिशवीला घट्ट गाठ बसायची आणि पिशवी गंगेत. नाशकात गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. म्हणजे आमच्या मातीचं सगळं सत्त्व पिशवीत कोंडून नदीत बुडत होतं. नदीत त्यावर पाणवेली माजायच्या आणि इथे माती उपाशी! मी म्हटलं, आबा, आपण ते निर्माल्य गोळा करू, खड्ड्यात कुजवू आणि पट्ट्यात घालू.

आबा असे काही बघायला लागले की जणू मी देवळात चपला घालून शिरले होते.

"देवाला वाह्यलेलं फूल हाय ते, मास्तरीणबाई. त्याच्यावर पाय पडून चालायचं नाय."

"अहो आबा, गंगेत गटारं येतात. लोक गाड्या धुतात. तिथे चालतं?"

"पान्यावर पाय पडत नाय."

घ्या! यावर काय बोलणार? मी पुष्कळ बोलले. कुजलं की ते फूल राहत नाही, माती होते, सगळं शिकवून झालं. एरवी माझा शब्द न मोडणारा माणूस या एका गोष्टीत जागचा हलेना. नवरा म्हणाला, "तुला शाळेत बोलून कंटाळा येत नाही का?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकाला माती मेली म्हणून विकायची, दुसऱ्याला ती उपाशी आहे हे दिसतंय पण घास भरवायचा नाही. आणि मी मधल्या मधे फळ्यावर बाण काढत बसायचं!

मग एका श्रावणात आबा घरचं निर्माल्य सोडायला गंगेवर गेले आणि तसेच परत आले. पिशवी हातातच. ओसरीवर बसले, पाणी दिलं तर घेतलं नाही. मग म्हणाले, "नदीतून फावड्यानं वर काढत्यात गं. हाटेलाच्या खरकट्यासंगं ट्रकात भरत्यात. वरून बूट घालून तुडवत्यात, बसावं म्हनून." माझ्या जिभेवर "मी काय सांगत होते?" आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं.

तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "आन तुझं ते गोळा करून. पन पट्ट्यात पाय ठेवायचा तर चपला बांधावर काढायच्या. सगळ्यांनी."

झालं! मी जिंकले आणि काटे माझ्या पायात. त्या दिवसापासून तो पट्टा देऊळ झाला. खुरपायला जा, पाणी भरायला जा, अनवाणी. उन्हाळ्यात पोळायचं, पावसात चिखल्या व्हायच्या, सराटे तर बारमाही. मजुरणी मला शिव्या घालायच्या, आबांना घालायची त्यांची छाती नव्हती.

आणि ते निर्माल्य! देवळांतून, कॉलन्यांतून पिशव्या यायच्या. फुलांबरोबर काय नसायचं? अगरबत्तीची खोकी, फुटक्या काचेचे देवांचे फोटो, नायलॉनचे दोरे, एकदा तर चक्क चष्मा. आणि प्रत्येक पिशवीला गाठ! लोक देवाचं फूल चोराला बांधावं तसं का बांधतात, मला आजवर कळलेलं नाही. माझी नखं तुटायची, मी चिडून पिशव्या फाडायचे. आबा शेजारी बसून एकेक गाठ नखानं हलकेच सोडवायचे. "फाडू नको गं, सुटतीय ना," म्हणायचे. त्यांच्या त्या शांतपणाचाही मला राग यायचा.

पण खड्डा भरला, कुजला, पट्ट्यात गेला. पहिल्या साली काही दिसलं नाही आणि दोघा भावांनी माझी यथेच्छ टिंगल केली. मी नेट सोडला नाही. मग हळूहळू ढेकळं हातानं फुटायला लागली. पाणी मुरायला लागलं. एका सकाळी आबांनी मला हाक मारली ती अशी की मला वाटलं साप निघाला. धावत गेले तर ते उकिडवे बसलेले, तळहातावर गांडूळ. नुसते हसत होते. मी त्यांना असं हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं. मला तर रडूच आलं.

नंतरची काही वर्षं फार चांगली गेली. काळीभोर भुसभुशीत माती, झेंडूची फुलं मुठीएवढी. मी शाळेतली मुलं घेऊन यायचे, बांधावर इवल्याशा चपलांचा ढीग पडायचा, आणि आबा त्यांना पट्ट्यातून फिरवायचे. मला वाटलं, सुटलो. माती जिवंत झाली, आता विकायचं कारणच उरलं नाही.

किती मूर्ख होते मी! मातीचा आणि विक्रीचा काही संबंधच नव्हता. शेजारून रस्ता आला आणि गिऱ्हाईक दारात उभं राहिलं. दोघे भाऊ म्हणाले, अशी संधी परत येणार नाही. घेणारे आले, त्यांनी रस्त्याकडची बाजू टेपनं मोजली. खाली वाकून चिमूटभर माती कुणी हातात घेतली नाही. मी भांडले, ओरडले, अबोला धरला. दीर म्हणाला, "वहिनी, तुमचं विज्ञान बरोबर आहे, पण घरात मुलं मोठी होताहेत." आबांनी सही केली. का केलीत, म्हणून मी त्यांच्यावरही ओरडले. ते म्हणाले, "पोरांचंबी बरोबर हाय." मला कुणाचंच बरोबर वाटत नव्हतं.

जेसीबी आला तेव्हा आबा बांधावर उभे होते, अनवाणी. निर्माल्याचा खड्डा पहिल्या झटक्यातच बुजला. वरची काळी माती आधी खरवडून ट्रॉल्यांत भरत होते, कुणाच्या तरी बंगल्याच्या बागेसाठी. माणसं बूट घालून पट्ट्यातून हिंडत होती. आबा ओरडले, "बूट काढा रे! आरं, बूट तरी काढा!" यंत्राच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? माझ्या नवऱ्यानं त्यांना दंडाला धरून घरी आणलं. त्यांच्या चपला बांधावरच राहिल्या. संध्याकाळी मी आणायला गेले तर बांधच नव्हता.

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर आबा सवयीनं तबकात कालची फुलं घेऊन बाहेर निघाले. दाराशी थांबले. मी शाळेत जायच्या गडबडीत होते.

"मास्तरीणबाई, हे कुठं टाकू आता?"

दीर टेम्पो काढत होता. तो म्हणाला, "द्या इकडे, मी गंगेवरूनच चाललोय." त्यानं फुलं पिशवीत ओतली, सवयीनं गाठ मारली आणि पिशवी शेजारच्या सीटवर टाकली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबा टेम्पोच्या खिडकीशी गेले.

"टाकताना गाठ तेवढी सोड रे बाबा," ते म्हणाले.