अकरावा थेंब

"बाबा सकाळी गेले. तुम्हाला कळवायला सांगून ठेवलं होतं त्यांनी," एलिजाभाऊंचा मुलगा फोनवर म्हणाला. मी "बरं" म्हणून फोन ठेवला. मातीलाही गेलो नाही.

नव्वदच्या दशकात नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात मी मॅनेजर होतो, एलिजाभाऊ मुकादम. मराठी बोलणारं ज्यू कुटुंब, राहायला नाशिक रोडला. आमचे हमाल पेठ तालुक्यातले. भाताच्या लावणीला गावी सोडा म्हणून मागे लागलेले. "सायेब, रोपं म्हातारी व्हतील." त्यांनी काम अडवलं की मी "उद्या जा" म्हणायचो, गाड्या भरून झाल्या की शब्द फिरवायचो. असं चार-पाचदा झालं. कित्येकांची खाचरं त्या वर्षी पडीक राहिली.

एलिजाभाऊ शांतपणे म्हणाले, "साहेब, आमच्या ग्रंथात एक राजा आहे, फारो. संकट आलं की गुलामांना 'जा' म्हणायचा, टळलं की 'थांबा'. पुढं काय झालं ते वल्हांडणाच्या, म्हणजे त्या गुलामांच्या सुटकेच्या सणाच्या रात्री वाचतो आम्ही. या घरी."

"मला शिकवू नका," मी म्हणालो. त्यांनी नोकरी सोडली, पण दर वर्षी सणाचं आमंत्रण मात्र चुकलं नाही. एकदा मीच फोनवर खवचटपणे विचारलं, "देवानंच त्या फारोचं मन कठोर केलं म्हणता, मग शिक्षा कसली त्याला?"

ते हसले. "आधी त्यानं स्वतःच केलं हो. मग देव म्हणाला, बरं बाबा, तुझंच खरं."

पहिली काही वर्षं मी रागानं गेलो नाही. मग राग विरला... तरी 'नाही'च तोंडातून निघायचं. ठरवावंही लागायचं नाही.

ते गेल्यावर काही आठवड्यांनी सण आला. यंदा कुणी बोलावलं नव्हतं, तरी त्यांच्या घरी गेलो. एलिजाभाऊंच्या पत्नी रूथवहिनींनी काळ्या मनुकांच्या शरबताचा पेला पुढे ठेवला. मुलगा फारोची कथा वाचत होता. फारोच्या मिसर देशावर आलेल्या दहा संकटांतल्या एकेकाचं नाव घेऊन प्रत्येक जण पेल्यातून बोटानं एकेक थेंब ताटलीत काढत होता. "शत्रू मेले तरी माणसंच ती," वहिनी हळूच म्हणाल्या. "आपला आनंद तेवढा उणा करायचा."

दहा झाले. मुलाचं बोट पुन्हा पेल्याकडे गेलं. "बाबा अकरावा काढायचे," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "आमच्या द्वारकेच्या फारोसाठी, म्हणायचे. आम्ही हसायचो. ते नाही हसायचे."

वहिनींनी त्याचं मनगट धरलं. "राहू दे आता. आलेत ते."

पेला समोर होता. मला तो उचलवला नाही.