सतरा वर्षांची मनी

साकीनाक्याजवळच्या फायर स्टेशनात मी वर्दीच्या, म्हणजे मदतीसाठी आलेल्या फोनच्या, जुन्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवतो. बाजूला फोन घेणारे मालवणी काका बसतात. आग लागलेली असो की मांजर अडकलेलं, त्यांचा आवाज तोच, थंड. फक्त मांजर असलं की चष्मा कपाळावर सारून विचारतात, "वय किती झाला ओ तेचा?" फॉर्मात तसा रकानाच नाही. काका ते शेऱ्यात लिहितात.

मी त्यांची नक्कल केली की अख्खं स्टेशन लोळायचं. एकदा वरच्या मजल्यावरून म्हातारीच्या आवाजात मीच फोन लावला. "माझी मनी पाइपामागे अडकली हो!"

"वय?"

"सतरा," म्हटलं, आणि एका चाळीचा पत्ता ठोकून दिला.

गाड्या सगळ्या आगीवर होत्या. ड्युटी संपल्यावर काका स्वतःच गेले. सकाळी आले ते ढोपर सोलवटून.

"सापडली नाय रे. सगळी दारा ठोकलंय. आज परत जातंय. सतरा वर्साची आसा, तिच्याकडे दिवस कमी. तू पण चल, तुझे डोळे चांगले."

मी गेलो. प्रत्येक पाइपामागे वाकून "मनी, मनी" अशा हाका मारल्या. काका मागून बॅटरी धरून उभे होते.